विसावा : मराठी ख्रिस्ती जीवनातला एक शब्द



ख्रिस्ती माणसाला रोजच्या जगण्यात देवाच्या सांभाळातून मिळणारी शांती, या विषयावर मी बोलावं असं मला सुचवण्यात आलं. विषय चर्चमधल्या व्यासपीठाला जास्त शोभणारा आहे आणि हे व्यासपीठ भाषेचं आहे. मी पाळक नाही. बेळगावात आयुष्यभर मराठी शिकवलं आणि मराठी ख्रिस्ती घरात वाढलो, एवढंच माझं भांडवल. तेव्हा मला ज्या दारानं आत शिरता येतं त्याच दारानं मी शिरणार आहे. ते दार म्हणजे एक शब्द : विसावा.

मत्तयाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायाच्या शेवटी येशू कष्टानं आणि ओझ्यानं दमलेल्या माणसांना आपल्याजवळ बोलावतो आणि त्यांना काहीतरी देऊ करतो. जे देऊ करतो त्याला मूळ ग्रीकमध्ये 'अनापाउसिस' या कुळातला शब्द आहे. मराठीत त्यासाठी काय लिहायचं? विश्रांती होती, आराम होता, शांती होती, स्वास्थ्य होतं. सेरामपूरहून १८०५ साली मत्तयाचं पहिलं मराठी भाषांतर निघालं आणि तेव्हापासून कितीतरी हातांनी मराठी बायबल घासून-पुसून घडवलं. आज आमच्या चर्चमध्ये जे भाषांतर सर्रास वाचलं जातं, त्यात या ठिकाणी 'विसावा' आहे. ज्यानं कुणी हा शब्द इथे बसवला, त्याला महाराष्ट्राचा रस्ता पायाखालचा होता असं मी समजतो.

कारण विसावा हा घरातला शब्द नाही, वाटेवरचा आहे. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पालख्यांचे विसावे असतात आणि मुक्काम असतात. वारकऱ्याला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही. मुक्कामाला तंबू पडतात, चुली पेटतात, रात्र काढायची असते. विसाव्याला पालखी टेकते, माणसं सावली बघून बसतात, घोटभर पाणी पितात आणि थोड्या वेळानं पुन्हा उठतात. डोक्यावरचं ओझं खाली टेकवून हमाल खांदा मोकळा करतो, तोही विसावा. आणि अंत्ययात्रेत तिरडी मध्येच एका ठिकाणी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, त्या जागेलाही आपण विसावाच म्हणतो. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. वाट अजून उरलेली आहे, ओझं अजून आपलंच आहे, आणि तरीही या क्षणी ते जमिनीवर टेकलेलं आहे.

'शांती' हा शब्द मला थोडा अवघड वाटतो, हे इथेच सांगून टाकतो. वर्गात मास्तर 'शांतता!' म्हणून ओरडतो, 'शांती!' म्हणून कुणी ओरडत नाही. शांती ही उंचावरची, ऋषीमुनींच्या आश्रमातली गोष्ट वाटते. सकाळी सहाची बस पकडणाऱ्या माणसाला ती आपल्यासाठी असेल असा भरवसा वाटत नाही. विसावा मात्र त्यालाही कळतो.

आता गंमत पाहा. जुन्या करारातल्या हिब्रू भाषेत विसाव्यासाठी 'मनुखा' असा एक शब्द आहे. गणना या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात इस्राएली लोक सीनायहून रानातून निघतात तेव्हा कराराचा कोश तीन दिवसांच्या वाटेवर पुढे चालतो आणि लोकांसाठी 'मनुखा' शोधतो. म्हणजे काय शोधतो? टेकायची जागा. लोकांच्या आधी देव पुढे जाऊन सावली आणि पाणी बघून ठेवतो. हाच शब्द तेविसाव्या स्तोत्रात अनेकवचनात येतो. मेंढपाळ मेंढरांना ज्या पाण्याकडे नेतो ते पाणी आपल्या प्रचलित भाषांतरात 'संथ' आहे. मुळातलं पाणी मात्र विसाव्यांचं आहे, जिथे कळप थांबू शकतो ते. संथ हा शब्द चुकीचा नाही, पाण्याचं चित्र त्यात येतं. पण वाटेचं चित्र हरवतं. कळप चालत असतो हे आपण विसरतो आणि स्तोत्र म्हणजे हिरव्या कुरणाचं एक कॅलेंडर होऊन बसतं.

आपल्या भागात हे स्तोत्र समजायला परदेशी टीकाग्रंथ लागू नयेत. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे माळामाळानं सरकताना बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात कुणी पाहिले नाहीत? रात्री शेतात मेंढरं बसवतात, शेताला खत मिळतं, धनगराला धान्य. वाघूर लावलेली असते, कुत्री जागी असतात, आणि धनगर घोंगडी पांघरून कळपाच्या कडेलाच पडलेला असतो. मेंढरू निर्धास्त झोपतं ते रानात लांडगा नाही म्हणून नव्हे. लांडगा आहेच. स्तोत्रकर्त्यानंही काळोखाची दरी आणि समोर बसलेले वैरी गाळलेले नाहीत. ताट वाढलं जातं ते त्यांच्या देखतच.

पुन्हा मत्तयाकडे येऊ. विसावा देऊ केल्यानंतर लगेच, पुढच्याच वाक्यात येशू सांगतो की माझं जू खांद्यावर घ्या. विद्यार्थी इथे नेहमी अडखळतात. ओझं उतरवायला बोलावलं आणि हातात जू दिलं, हा कसला विसावा? शेतकऱ्याच्या मुलाला विचारा, तो अडखळणार नाही. जू नीट बसलेलं नसेल तर बैलाचा खांदा सुजतो, सोलवटतो, आणि मग हलकं कामही त्याला जड होतं. नीट बेतलेलं जू असेल तर तोच बैल दिवसभर औत ओढतो. येशूनं आपल्या जुवासाठी वापरलेला ग्रीक शब्द 'ख्रेस्तोस' म्हणजे चांगलं, सोयीचं, बेताचं. बोलणारा माणूस सुताराच्या घरातला होता, हेही लक्षात घ्यावं. आणि दोन बैलांचं जू असेल तर पलीकडच्या बाजूला कोण जुंपलेला आहे, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेला खांदा शेकायचा, हळद-तूप चोळायचं. आमच्या सीमाभागात बेंदराला बैल रंगवून मिरवतात. त्या दिवशी त्यांना औताला जुंपायचं नाही, म्हणजे नाही. मला हा सण बायबलमधल्या शब्बाथाच्या आज्ञेच्या फार जवळचा वाटतो. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती आज्ञा वाचा. सातव्या दिवशी कुणी काम करायचं नाही याची यादी तिथे आहे : तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका. आणि कारण दिलं आहे ते असं की, तू स्वतः मिसरात गुलाम होतास, ते विसरू नकोस. थोडक्यात, देवाच्या सांभाळात मिळालेला विसावा एकट्यानं उपभोगायची वस्तू नाही. माझ्या विसाव्यासाठी दुसरा कुणी राबत असेल तर आज्ञा मोडलेली आहे.

मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी ती मागणी लावून धरली आणि १८९० साली रविवारची सुट्टी कामगारांच्या पदरात पडली. लोखंडे सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्यांच्या मागणीत होता असं सांगतात. एकाचा प्रभूचा दिवस, दुसऱ्याचा खंडोबाचा वार आणि तिसऱ्याच्या दुखऱ्या पाठीची सुट्टी. मला या तिहेरी योगाचं फार कौतुक वाटतं.

पण त्या अनुवादातल्या यादीबद्दल एकदा वर्गात एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, "सर, यात बायको कुठं आहे? मग शब्बाथाला स्वयंपाक कोण करत होतं?" परंपरेकडे या प्रश्नाला उत्तरं आहेत. 'तू' मध्ये पत्नी आलीच, स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवत, वगैरे. ती मी तिला सांगितली. पण प्रश्न त्या उत्तरांपेक्षा मोठा होता, आणि तो मराठी ख्रिस्ती साहित्यात फार पूर्वीच विचारला गेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी विचारला आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दूर झाल्या. काही वर्षांनी त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४पासून निघत गेले. पुस्तक तुम्ही सर्वांनी वाचलेलं आहे, निदान वाचलेलं असावं अशी माझी अपेक्षा आहे. टिळकांचा देवाच्या सांभाळावर अमर्याद विश्वास. आलेला पैसा ते दुसऱ्याला देऊन मोकळे होत, येईल त्याला घरी घेऊन येत. १९१७ साली तर त्यांनी मिशनचं वेतनही सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. उद्याची चिंता करू नका ही शिकवण इतकी शब्दशः जगलेला दुसरा मराठी कवी मला माहीत नाही.

आणि घरात पीठ आहे का, हे बघायचं काम लक्ष्मीबाईंकडे. पाखरं पेरत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, हे खरंच. पण पाखरांच्या घरट्यातही कुणीतरी चोचीत दाणा घेऊन येतंच. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या या विश्वासाची चेष्टा केली आहे, त्यावर रागावल्या आहेत, आणि त्यात सामीलही झाल्या आहेत. या तिन्ही गोष्टी त्या एकाच परिच्छेदात करू शकतात, हे त्यांचं मोठेपण. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्या-ओवळ्याच्या सावलीत त्यांचं बालपण गेलं. त्या भीतीतून सुटलेलं मन कसं असतं ते पुढच्या भागांत दिसतं. प्लेगाच्या दिवसांत दुसऱ्यांची पोरं सांभाळताना त्या शांतीवर प्रवचन देत नाहीत. समोरचं काम करतात आणि त्यातला विनोद टिपतात. माणूस मनानं निर्धास्त आहे की नाही याची खरी खूण मला अशा विनोदात दिसते. घाबरलेल्या माणसाला स्वतःवर हसता येत नाही. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुढे नेलं.

पंडिता रमाबाईंचं प्रकरण याहून वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त कठीण. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथे सगळं निवळलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात स्वच्छ लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षं त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. धर्म मिळाला होता, ज्याच्यासाठी धर्म घेतला तो मिळायचा होता. आमच्या मंडळींमध्ये साक्ष देताना माणसं बहुधा घाई करतात : अमुक तारखेला प्रभू भेटला आणि त्या दिवसापासून सारं बदललं. रमाबाईंसारखी संस्कृत पंडिता, दोन खंडांवर नाव झालेली बाई, आठ वर्षं वाट पाहिल्याचं सांगते, ही मला त्या सगळ्या साक्षींपेक्षा मोठी साक्ष वाटते.

आणि ती स्वस्थता आल्यावर बाई स्वस्थ बसल्या का? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. १९००च्या सुमाराला गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, माग आले, छापखाना आला, आणि तो त्या मुलींनीच चालवला. शेवटची कितीतरी वर्षं रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर करत होत्या, तेही कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२१ साली मनोरमाबाई, त्यांची एकुलती मुलगी, वारल्या. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. भाषांतर १९२४ साली प्रकाशित झालं. या आयुष्यात मुक्काम कुठेच नाही. विसावे आहेत, आणि प्रत्येक विसाव्यानंतर उचललेलं ओझं आधीच्यापेक्षा मोठं आहे.

हे मी मुद्दाम सांगतोय. 'देव सांभाळील' हे वाक्य आमच्या समाजात फार स्वस्त झालं आहे. शेजारणीचा नवरा दारू पिऊन मारतो, आपण म्हणतो, देव सांभाळील. तरुण शिक्षकाला सहा महिने पगार नाही, आपण म्हणतो, चिंता करू नकोस, प्रार्थना कर. म्हणणाऱ्याला त्यामुळे घरी जाऊन झोप लागते, ऐकणाऱ्याला नाही. हे वाक्य ज्याला दुःख आहे त्याच्या तोंडी शोभतं. दुसऱ्यानं म्हणायचं असेल तर त्यानं आधी त्याच्या घरी पिशवीभर तांदूळ पोचवावेत.

एलियाची गोष्ट इथे आठवते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा संदेष्टा जिवाच्या भीतीनं रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि तिथेच झोपी जातो. देवाचा दूत येतो. तो उपदेश करत नाही, भित्रा म्हणून झिडकारतही नाही. उठवतो आणि खायला सांगतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो! दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही आधी जेवण, आणि कारण असं की वाट लांबची आहे. मला विचाराल तर देवाच्या सांभाळाचं सगळ्या बायबलमधलं सर्वांत घरगुती चित्र हेच. खचलेल्या माणसाला आधी भाकरी, मग झोप, मग पुन्हा भाकरी, आणि बोलणं त्यानंतर.

माझी आजी मिशनच्या एका दवाखान्यात परिचारिका होती. रात्रपाळी नसे तेव्हा घरात रात्रीची कौटुंबिक प्रार्थना तीच करी. कंदील, बायबल, आणि आम्ही चार-पाच मुलं पेंगुळलेली. तिची प्रार्थना म्हणजे हिशेबाची वही असे. अमक्या वॉर्डातली बाळंतीण, तमक्याची नोकरी, धाकट्याचा खोकला, गळणारं छप्पर, पाटलांच्या म्हशीचा पायसुद्धा. एकेक बाब देवापुढे मांडून झाली की ती अगदी व्यवहारी आवाजात म्हणायची, "तर हे असं आहे. तू जागाच आहेस, मी निजते." आणि खरंच पाच मिनिटांत घोरायला लागायची. एकशे एकविसावं स्तोत्र इस्राएलाचा राखणदार झोपत नाही असं सांगतं. आजीनं त्यातून व्यवहार काढला होता. दोघांनीही जागून काय करायचं? सकाळी पाचला उठून ती त्याच बाळंतिणीकडे जायची. छपराला मात्र माझ्या काकांनाच चढावं लागायचं.

तुमच्या गोव्यात हीच वेळ वेगळ्या तऱ्हेनं साजरी होताना मी पाहिली आहे. संध्याकाळची घंटा होते, घरात तेर्स म्हणतात, आणि प्रार्थना संपली की मुलं वडीलधाऱ्यांपुढे येऊन 'बेसांव' मागतात. आजोबा हात उचलून आशीर्वाद देतात. भाषा कोंकणी, शब्द पोर्तुगीज, आणि रीत मात्र तिन्हीसांजेला दिव्याला आणि मोठ्यांना नमस्कार करणाऱ्या कुठल्याही घरातली. ज्या अभ्यासकांना सीमा आखायची सवय आहे त्यांनी अशी एक तरी संध्याकाळ एखाद्या ओसरीवर बसून काढावी.

गोव्यात बोलतो आहे म्हटल्यावर फादर थॉमस स्टीफन्सना टाळून जाता येणार नाही. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षं इथेच, मुख्यतः साष्टीत राहिला. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. ओव्या सुमारे अकरा हजार. त्यातली मराठीची स्तुती आपण भाषणांत वारंवार ऐकतो, म्हणून ती मी आज बाजूला ठेवतो. मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हा ग्रंथ ज्यांच्यासाठी झाला त्या लोकांना शांती नव्हती. १५६७ साली साष्टीतली देवळं पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आलं. अशा मुलखात नव्यानं ख्रिस्ती झालेली माणसं फादरकडे मागणं मागतात, आणि ते मागणं पुराणाच्या आरंभीच नोंदलेलं आहे : आमची जुनी पुराणं गेली, त्यांच्या जागी ऐकायला काही द्या.

हे मागणं धर्मशास्त्राचं नाही. दिवसभराचं काम संपल्यावर ऐकत बसायला आपल्या भाषेतली ओवी हवी, हे विसाव्याचं मागणं आहे. सत्तेनं धर्म दिला होता, विसावा द्यायला तिच्याकडे शब्द नव्हते. ते मराठीकडे होते. स्टीफन्सनं स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, कथेला पुराण म्हटलं, अध्यायांना अवस्वरू म्हटलं. त्यानं हे धोरण म्हणून केलं असेल. ऐकणाऱ्यांना मात्र ते ओळखीच्या पारावर बसल्यासारखं वाटलं असणार. पुढे १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम निघाला, छापील प्रतींतली एकही आज हाती नाही. तरी पुराण टिकलं, कारण कर्नाटक किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत हस्तलिखितं जपली जात होती. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. ग्रंथालयं नसलेल्या माणसांनी पुस्तक जपलं, ते काही उगीच नाही.

आमच्या बेळगावचे बाबा पदमनजी, जन्म १८३१, यांचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र याच्या जोडीला वाचावं. तिथे सक्ती उलट्या बाजूनं आहे. घर, जात, वडिलांचं प्रेम मागे ओढतं आणि हा तरुण वर्षानुवर्षं उंबरठ्यावर उभा आहे. कुणाला शांती मिळाली की त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी गेलेली असते, हे त्या पुस्तकात जितकं प्रामाणिकपणे दिसतं तितकं आमच्या प्रचारकी पुस्तिकांत कधी दिसलं नाही. त्याबद्दल आम्ही मराठी ख्रिस्ती लोकांनी अजून पुरेसं लिहिलेलं नाही.

टिळकांनी ही जखम वेगळ्या तऱ्हेनं बांधली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. अभंगांत त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. पश्चिमेकडून आलेल्या उपासनेत तो राजा होता, न्यायाधीश होता, मेंढपाळ होता. आई होता तो मराठीत आल्यावर. काही मिशनऱ्यांना हे धाडसाचं वाटलं असेल, पण त्याला बायबलातच आधार आहे. एकशे एकतिसावं स्तोत्र फक्त तीन वचनांचं आहे. स्तोत्रकर्ता म्हणतो की मोठमोठ्या, आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींमागे मी लागत नाही, माझा जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या मुलासारखा आहे. दूध तुटलेलं, हे महत्त्वाचं. अंगावर पिणारं मूल आईकडे येतं ते भुकेनं, आणि मिळेपर्यंत रडतं. दूध तुटलेलं मूल येतं ते नुसतं आईपाशी बसायला. तिच्याकडून आत्ता काही हवं असतं असं नाही. पदराशी चाळा करत टेकून बसतं, आणि जरा वेळानं उठून खेळायला जातं. आमची बहुतेक प्रार्थना अजून अंगावरच्या मुलाची आहे. असो.

शेवटी एक काम सांगतो, विद्यार्थ्यांसाठी. इंग्रजीतल्या 'सेमेटरी' या शब्दाचं मूळ ग्रीकमध्ये आहे आणि त्याचा अर्थ निजायची जागा. मराठी ख्रिस्ती मृत्यूच्या बातमीत आजही 'प्रभूमध्ये निद्रिस्त' असं लिहितात. आमच्या जुन्या कबरस्तानात मराठी अक्षरांचे बरेच दगड आहेत आणि त्यांवर याच अर्थाचे किती तऱ्हेचे शब्द आहेत : झोपी गेला, निजली, विश्रांती पावले. भिंतीकडच्या एका लहान दगडावरचं नाव आणि साल झिजून गेलं आहे, 'विसावली' एवढंच वाचता येतं. कोरणाऱ्यानं तो शब्द सहज घातला असेल. पण पालखीचा विसावा आणि तिरडीचा विसावा ज्या भाषेत एकच आहे, त्या भाषेत त्या दगडाखालची बाई मुक्कामाला पोचलेली नाही, वाटेत टेकली आहे. ख्रिस्ती श्रद्धेत पुनरुत्थान म्हणतात ते हेच.

बेळगावची, गोव्याची, इंदूर-बडोद्याकडची अशी मराठी कबरस्तानं कुणी शब्दांसाठी तपासलेली माझ्या पाहण्यात नाहीत. जांभ्यावरची अक्षरं फार टिकत नाहीत, दर पावसाळ्यात थोडी जातात. मे महिन्यात मी आमच्याकडे सुरुवात करणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी पातळ कागद आणि मऊ पेन्सिल आणावी. कागद दगडावर धरून हलक्या हातानं घासलं की डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही उमटतात.